कोपराच्या मापाचा ओटा

५ नोव्हेंबर, बुधवार

आज स्वयंपाकघरातला धूर बाहेर टाकणारा पंखा जळाला आणि महामाया लातूरला गेली. दोन्ही एकाच सकाळी.

घडलं ते असं. महामाया भाकरी करत होती. मी नेहमीसारखा शेजारी उभा होतो. जूनमध्ये रेल्वेच्या भांडारातून निवृत्त झालो तेव्हाच ठरवलं होतं, की बायको एकटी राबते आणि नवरा पेपर वाचत बसतो हे आपल्या घरात चालायचं नाही. तेव्हापासून मी रोज उभा असतो. आज आच मोठी आहे, तवा मधोमध नाही, पीठ जरा जास्त घेतलंस, एवढंच सांगितलं. तेवढ्यात पंख्यातून ठिणगी उडाली आणि घरभर धूर झाला. मी म्हणालो, "बघ, मी मघापासून आच कमी कर म्हणत होतो." महामायाने गॅस बंद केला. अर्धी कच्ची भाकरी तव्यावर तशीच ठेवून हात धुतले आणि म्हणाली, "मी प्रियाकडं जाऊन येते."

बुद्धप्रिया आमची मुलगी. लातूरला बँकेत आहे. परत कधी येणार विचारलं, तर "बघते" म्हणाली. मोठी बॅग घेतली. चार दिवसांसाठी मोठी बॅग कशाला, असं मी म्हणालोसुद्धा. बसस्टँडपर्यंत सोबत गेलो, बस सुटेपर्यंत खिडकीखाली उभा राहिलो. ती समोरच बघत होती.

८ नोव्हेंबर, शनिवार

मीठ शोधण्यात वेळ गेला. गेल्या महिन्यात मी सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवून ते वर्णक्रमाने लावले होते, भांडारात लावायचो तसे. महामाया तेव्हा काही बोलली नाही, म्हणजे तिला पटलं होतं. क्रमाने मीठ वरच्या फळीवर मोहरीच्या आधी येतं, त्यासाठी स्टूल घ्यावं लागतं. पद्धत चांगली आहे, हाताला सवय व्हायला हवी.

ओट्यापाशी खाली एक लाकडी पाट कायम पडलेला असतो, त्याला आज पुन्हा ठेचकाळलो. अंगठ्याचं नख काळं पडलं. पाट उचलून माळ्यावर टाकला. वस्तू जागच्या जागी नसली की असं होतं.

शेजारच्या मलिकाभाभी डबा देऊन गेल्या. त्यांचे यजमान महेबूबभाई माझे जुने स्नेही, इतवारा बाजारात त्यांचं वाडवडिलांपासूनचं भांड्यांचं दुकान आहे. भाभींनी विचारलं, "भाईसाब, भाबी कवा येणार हाईत?"

म्हणालो, "पंखा दुरुस्त झाला की."

"पंख्यापायी गेल्या का त्या?"

"तर काय! केवढा धूर झाला होता."

"अच्छा," म्हणाल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मग डबा ठेवून गेल्या.

११ नोव्हेंबर, मंगळवार

पंखा दुरुस्त करून घेतला आणि लातूरला फोन करून कळवलं. प्रियाने उचलला. "जयभीम पप्पा. आईला राहू द्या ना थोडे दिवस."

"पण पंखा चालू झालाय."

"पप्पा, पंख्याचं नाही हो. तुम्हीच जरा विचार करा."

मग मी विचार केला. भांडारात एखादी वस्तू परत आली की आम्ही आधी कारण शोधायचो. पंखा हे वरवरचं कारण, प्रियाचं बरोबर आहे. खरं कारण म्हणजे आमचं स्वयंपाकघर अंधारं आणि अडचणीचं आहे, फोडणी दिली की ठसका लागतो. बाईमाणसाने जन्म काढला त्यात. मला आधी सुचायला हवं होतं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

उपाय सापडला. मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला. घराबाहेर, उघड्यावर मांडायचं स्वयंपाकघर तयार सुट्या भागांत मिळतं. लोखंडी सांगाडा, कडप्प्याचे तुकडे, सिंक, शेगडी, वरती पत्र्याचं छप्पर, सगळं खोक्यांतून घरी येतं आणि नटबोल्टने आपलं आपण जोडायचं. गवंडी नको की सुतार नको. आमच्या परसात लिंबाच्या झाडाखाली जागा रिकामीच पडली आहे. वारा भरपूर. मागवून टाकलं. महामायाला सांगितलं नाही, येईल तेव्हा बघेल.

१९ नोव्हेंबर, बुधवार

खोकी आली. महेबूबभाई दुकान बंद करून बघायला आले. त्यांनी एकेक खोकं वाजवून पाहिलं, भांडी वाजवून पाहतात तसं. "राजसाब, आवाज तर चांगलाय," म्हणाले. मी सगळे बोल्ट आणि वायसर आकाराप्रमाणे ताटल्यांत वेगळे केले. महिन्याभरात इतकं बरं वाटलं नव्हतं. घरातल्या सगळ्या ताटल्या त्यात गेल्या, त्यामुळे रात्री वर्तमानपत्रावर जेवलो.

२३ नोव्हेंबर, रविवार

उभे खांब बसवले. नंतर लक्षात आलं की उलटे बसवले, भोकं आतल्या बाजूला आली. सगळे काढून पुन्हा लावले. महेबूबभाईंनी धरायचं आणि मी कसायचं असं ठरलं होतं, पण ते धरता धरता फोनवर गिऱ्हाइकाशी बोलतात आणि खांब कलतो. त्यांना ओरडलो. ते म्हणाले, "तुम्ही कारखान्यात काम करायलात का घरात करायलात? जरा दम खाऊ द्या की." मलिकाभाभी गच्चीवरून बघत होत्या. हसत होत्या, असं मला वाटलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आज प्रियाकडून भलतंच ऐकलं. तिच्या घराखाली शिवकांताबाई म्हणून एक जण खाणावळ चालवतात. क्लाससाठी बाहेरगावाहून आलेल्या मुली जेवायला असतात. महामाया वेळ जायला म्हणून खाली जायची, आता रोज सकाळी तीच भाकऱ्या करते. मुली तिला मावशी म्हणतात. शिवकांताबाईंनी तिला भागीदारीत घ्यायचं म्हटलं आहे. संक्रांतीनंतर नव्या मुली येतील, त्याआधी हो की नाही ते सांगायचं आहे.

मी म्हणालो, "तुझी आई नाही म्हणाली असेल."

प्रिया म्हणाली, "पप्पा, आई गाणं म्हणत भाकऱ्या करते. मी लहान असताना म्हणायची, तशी."

महामाया गाणं म्हणायची हे मी विसरलो होतो. जूनपासून तर मी स्वयंपाकघरातच असतो, एकदाही ऐकलं नाही. धुराने घसा धरत असणार.

ती तिथेच राहिली तर काय, हा विचार आज पहिल्यांदा मनात आला. भीती वाटली. इथे लिहून ठेवतो, दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही. काम लवकर उरकलं पाहिजे.

३० नोव्हेंबर, रविवार

उंची ठरवण्याचा दिवस. पाय आत-बाहेर सरकतात, हवी ती उंची धरून बोल्ट मारायचा. पुस्तिकेत स्पष्ट लिहिलं आहे, की ओटा स्वयंपाक करणाऱ्याच्या कोपरापेक्षा थोडा खाली असावा. सोबत चित्र आहे, त्यात एक हसरा माणूस हात काटकोनात धरून उभा आहे. मी तसाच उभा राहिलो, महेबूबभाईंनी टेप धरली. दोनदा मोजलं. माप एक सूतही इकडे तिकडे नाही.

पुस्तिकेत फक्त बोल्ट मारा म्हटलं आहे. माझा त्यावर भरवसा बसेना. कांदा चिरताना ओटा हलला तर? म्हणून सगळ्या सांध्यांत एमसील भरलं आणि खाली पायांभोवती काँक्रीट ओतलं. आता भूकंप झाला तरी हलणार नाही.

६ डिसेंबर, शनिवार

महापरिनिर्वाण दिन. सकाळी पांढरे कपडे घालून विहारात गेलो. दरवर्षी माझा शर्ट महामाया आदल्या रात्री इस्त्री करून ठेवते. आज कॉलरला घडी तशीच राहिली. विहारातल्या सरजाबाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, "महामाया दिसना? बरी हाय ना?" बरी आहे म्हणालो. लातूरला भाकऱ्या करते आणि गाते, हे कसं सांगणार? घरी येऊन कामाला हात लावला नाही.

१० डिसेंबर, बुधवार

कडप्पा बसला, सिंक बसलं, पाण्याची जोडणी झाली. छपराचा पत्रा चढवताना महेबूबभाईंच्या कमरेत उसण भरली. मलिकाभाभी त्यांना घेऊन गेल्या आणि जाता जाता मला म्हणाल्या, "भाईसाब, आता तुमचं किचन झालं ना? मग उद्यापासून डबा बंद. तुम्हीच करून खायचं."

"भाभी, हे महामायासाठी आहे."

"मालूम हाय. पर भाबी येईस्तोवर पोटाला काय घालणार? शेगडी चालती का न्हाई ते तरी बघा."

चाचणी घेणं आवश्यक आहे, हे मलाही पटलं.

११ डिसेंबर, गुरुवार

खिचडी केली. वरून कच्ची, खालून कोळसा. वाऱ्याने ज्योत एका बाजूला पळते. शेगडीला आडोसा म्हणून एक पत्रा लावला. मीठ घ्यायला चार वेळा आत जावं लागलं, म्हणून मिठाचा, तिखटाचा आणि तेलाचा डबा शेगडीशेजारीच आणून ठेवला. तात्पुरती सोय.

१४ डिसेंबर, रविवार

तीन दिवस भाकरी जमवायचा प्रयत्न करतो आहे. थापताना कडा फाटतात, उचलली की दोन तुकडे. आयुष्यभर इतक्या भाकऱ्या खाल्ल्या आणि इतकी वर्षं पाहिल्या, त्यात अवघड असं काही दिसलं नव्हतं.

शेवटी महामायाला फोन लावला. रोज मी फोन करून तिला काही ना काही सांगतो. सिलिंडर आला, वीजबिल भरलं वगैरे. आज विचारलं, "भाकरी फाटते. काय करू?"

तिने विचारलं, "कोण करायलंय भाकरी?"

"मी."

"तुमी?"

"हो."

"पानी कसलं घेतलाव?"

"नळाचं."

"आवो, उकळतं घ्या. उकळतं पानी पिठात घाला, उलथन्यानं हलवा, मग जरा निवलं की मळा. तळहातानं रगडून मळा, लई येळ. घाई न्हाई करायची."

तसं केलं. चौथी भाकरी फुगली. फुगली म्हणजे अगदी टम्म. आसपास कुणी नव्हतं, म्हणून लिंबाच्या झाडाला दाखवली. हे लिहायला नको होतं, पण लिहिलं.

१७ डिसेंबर, बुधवार

आज महामायाचा स्वतःहून फोन आला. पहिल्यांदाच. "आज काय केलाव?" मी सांगितलं, मेथीचं वरण, भाकरी आणि ठेचा. ठेच्यात मीठ जास्त झालं हेही सांगितलं. ती हसली. मग म्हणाली, येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, प्रियाच्या सासरच्या शेतात जाणार आहे, हिरव्या भाज्यांची भज्जी आणि ताकाची आंबील करायची आहे. मी विचारलं, त्यानंतर इकडे येशील का? "बघते" म्हणाली. पण ही "बघते" नोव्हेंबरच्या "बघते"पेक्षा वेगळी वाटली. किंवा मला तसं वाटून घ्यायचं असेल.

२६ डिसेंबर, शुक्रवार

रोज संध्याकाळी फोन येतो. मला वाटतं तिला गॅसची काळजी असावी. आज वांग्याच्या भाजीत शेंगदाण्याचा कूट कधी घालायचा त्यावर बराच वेळ बोललो. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, एवढा वेळ आम्ही फोनवर कधी बोललो नव्हतो.

तिने भागीदारीचं काय ठरवलं, ते विचारायचं होतं. जीभ रेटली नाही. शेवटी फक्त म्हणालो, "परसात एक गोष्ट केली आहे. एकदा येऊन बघून जा." ती म्हणाली, "तीन तारखेला येते. सोमवारी परत यायचंय, मुलींच्या भाकऱ्या हाईत."

म्हणजे दोन दिवस. दोन दिवसांत तिला ओटा आवडला पाहिजे.

३ जानेवारी, शनिवार

महामाया आली. हातात फक्त पर्स आणि एक कापडी पिशवी. मोठी बॅग नाही. मी पिशवी घेतली, फारच हलकी होती.

सरळ परसात नेलं. ओटा पुसून लख्ख केला होता. शेगडीवर नवा तवा, महेबूबभाईंनी दुकानातून आणून दिलेला. मलिकाभाभी आणि महेबूबभाई गच्चीवर येऊन उभे होते. मी म्हणालो, "आता धूर नाही, अंधार नाही. हे सगळं तुझ्यासाठी."

महामाया ओट्यापाशी गेली आणि उभी राहिली. कडप्पा थेट तिच्या छातीपर्यंत आला. तिने तव्याकडे हात नेला तर कोपर खांद्याएवढं वर गेलं. सिंकमध्ये बघायला टाचा उंचावल्या. मग वळून माझ्याकडे पाहिलं.

"माप कुणाचं घेतलाव?"

"स्वयंपाक करणाऱ्याच्या कोपराचं. पुस्तिकेत तसंच..." आणि तिथेच मला काटकोनात धरलेला माझाच हात आठवला.

गच्चीवरून महेबूबभाई म्हणाले, "टेप मीच धरली होती." भाभींनी त्यांना आत नेलं.

मी पायांचे बोल्ट बघितले, एमसील बघितलं, काँक्रीट बघितलं. म्हणालो, "खाली करता येणार नाही आता. तुला काहीतरी पायाखाली घ्यावं लागेल."

"मी पायाखाली घेतेच की," ती म्हणाली. "आतल्या ओट्यालाबी पाट घेऊनच उभी राहते. घर बांधल्यापासून. तुमी रोज बाजूलाच तर असता."

ती आत गेली आणि लगेच बाहेर आली. "माझा पाट कुठंय?"

मी स्टूल घेतलं आणि माळ्यावरून पाट काढून दिला. धूळ पुसून दिला. पाटाच्या मधोमध तिच्या दोन्ही पावलांच्या जागा झिजून गुळगुळीत झाल्या आहेत. मी त्याला लाकूड समजत होतो. मला फार वाईट वाटलं. तिला तसं म्हणालो. ती "ऱ्हाऊ द्या" म्हणाली आणि पाट आतल्या ओट्यापाशी ठेवून आली.

४ जानेवारी, रविवार

सकाळी महामाया परसात खुर्ची घेऊन बसली. म्हणाली, "ह्यो वटा तुमच्या मापाचा हाय. तुमीच करा भाकरी. मी बघते."

मी पाणी उकळलं, पीठ घेतलं. आज करून दाखवायचंच होतं.

ती म्हणाली, "पीठ लई घेतलाव."

मी थोडं काढलं.

"आच मोठी हाय."

आच कमी केली.

"तवा मधी घ्या की."

तवा सरकवला. भाकरी थापायला घेतली, ती कडेने चिरली. म्हणाली, "बघा, मी मघापासनं काय म्हणायले?" दुसरी घेतली. ती उठून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि हातांकडे बघू लागली. दुसरीही तुटली. रोज जमणारी भाकरी! माझा पारा चढला. म्हणालो, "महामाया, तू आधी जाऊन बस. डोक्यावर कुणी उभं असलं की माणसाचा हात चालत नाही!"

ती बसली नाही. तिथेच उभी राहून हसायला लागली. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मी विचारलं, हसायला काय झालं? तिला बोलताच येईना. हसता हसता शेवटी खरंच रडली की काय, कळलं नाही. मग डोळे पुसून आत गेली.

मी एकटाच उरलो. तिसरी भाकरी टम्म फुगली.

दुपारी जेवताना तिने ती भाकरी खाल्ली. पूर्ण संपवली. जेवणानंतर आतून डब्यांचा आवाज येत होता. ती डबे पुन्हा लावत होती आणि माझ्या चिठ्ठ्या ओल्या फडक्याने काढत होती. मी दारापर्यंत गेलो. म मध्ये मीठ कुठे ठेवायचं, हे सांगणार होतो. तेवढ्यात सकाळचं माझंच वाक्य आठवलं. दारातच उभा राहिलो. जून, जुलै, ऑगस्ट, सगळे महिने आठवले. पंखा जळाला ती सकाळ आठवली.

तिने मागे वळून न बघता विचारलं, "काय पायजे?"

"काही नाही," म्हणालो आणि परसात जाऊन बसलो.

५ जानेवारी, सोमवार

पहाटे जाग आली ती आतल्या गाण्याने. शब्द नीट ऐकू येत नव्हते. मधेच थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं. ती पाटावर उभी राहून चहा करत असणार. पातेल्याचा आवाज ऐकूनच मला कळलं की दूध उतू जाणार. उठून बसलो, पायात चप्पल घातली आणि मागच्या दाराने बाहेर आलो.

दूध उतू गेलंच. "आगं बाई!" असा आवाज आला. मी लिंबाखालून हललो नाही. गाणं पुन्हा सुरू झालं.

लातूरची बस दहाची होती. मी ऑटोवाल्याला सांगून ठेवलं होतं आणि वाटेत खायला चार भाकऱ्या बांधल्या होत्या. नऊ वाजले तरी महामाया तयार होईना. डब्याकडे बघत म्हणाली, "चार कशाला?"

"दोन शिवकांताबाईंना."

ती डबा घेऊन ओसरीवर बसली आणि फोन लावला. आधी शिवकांताबाईंशी बोलली. भाकऱ्यांना दुसरी बाई बघा, एवढंच मला ऐकू आलं. मग प्रियाला म्हणाली, "तू पुढच्या रविवारी येतीस ना? मग माझी मोठी बॅग घेऊन ये. आन् जेवायला इथंच ऱ्हा. पप्पा परसात करायलेत, मी आत. कुणाचं खायचं ते तू ठरव."

मी ऑटोवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. मग बाहेर जाऊन शेगडी पेटवली. पीठ बेताचंच घेतलं.